लोणेऱ्याला विद्यापीठ हवं, परीक्षा मंडळ नको

महाराष्ट्रात एखादं विद्यापीठ झपाट्याने वाढतंय असं कुणी कौतुकाने सांगितलं की माझा एकच प्रश्न असतो. नक्की काय वाढलं? पूर्णवेळ शिक्षक वाढले? प्रयोगशाळा वाढल्या? संशोधन करणारी मुलं वाढली? की संलग्न महाविद्यालयांची यादी लांबली आणि परीक्षेचे अर्ज वाढले? पहिल्या तीन गोष्टी वाढल्या तर विद्यापीठ वाढलं. नुसती यादी लांबली तर वाढला तो कारभार. आपल्या राज्यकर्त्यांना आणि अधिकाऱ्यांना हा फरक कळत नाही, असं मी मानत नाही. त्यांना तो चांगला कळतो. शिक्षक नेमायला सरकारी तिजोरीतून पैसे काढावे लागतात. यादी वाढली की पैसे येतात. सगळं धोरण या हिशोबावर बेतलेलं आहे.

हे मी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाबद्दल लिहितो आहे. अभियांत्रिकी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि या विद्यापीठाची कल्पना मला मनापासून पटलेली होती, म्हणून राग जास्त आहे.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, 1989 च्या कायद्याने हे विद्यापीठ उभं राहिलं. कल्पना साधी आणि मोठी होती. एकाच आवारात राहणारं, स्वतः शिकवणारं, स्वतः संशोधन करणारं, फक्त विज्ञान-तंत्रज्ञानाला वाहिलेलं सरकारी विद्यापीठ. आणि तेही मुंबई-पुण्यात नव्हे तर कोकणातल्या खेड्यात. जागाही विचार करून निवडलेली वाटते. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, थळचा खत कारखाना, रोहा आणि महाडच्या औद्योगिक वसाहती हे सगळं याच जिल्ह्यात. म्हणूनच इथे पेट्रोरसायन अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग निघाला. कारखाना शेजारी, प्रयोगशाळा आवारात आणि विद्यार्थी वसतिगृहात. यापेक्षा चांगली सुरुवात कोणती असणार?

त्याच विद्यापीठासाठी 2014 साली विधिमंडळाने नवा कायदा केला. संपूर्ण राज्य हे त्याचं कार्यक्षेत्र ठरलं आणि राज्यातल्या तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांना संलग्नता देण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. आपापल्या भागातलं जुनं विद्यापीठ सोडून महाविद्यालयं लोणेऱ्याकडे आली. पुढच्या काही वर्षांत स्वतःच्या आवारातल्या मुलांना शिकवणारं एक आटोपशीर विद्यापीठ राज्यभरातल्या मुलांच्या परीक्षा घेणारी यंत्रणा झालं. याला विस्तार म्हणण्याची पद्धत आहे. मी याला अधोगती म्हणतो.

कारण ही वाट सव्वाशे वर्षांपूर्वीच चुकीची ठरलेली आहे. 1857 साली इंग्रजांनी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं काढली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. खुद्द लंडनने 1898 साली कायदा करून ही पद्धत बदलली आणि विद्यापीठाला शिकवण्याचं काम दिलं. 1917 ते 1919 या काळात कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने निवासी आणि स्वतः शिकवणारी विद्यापीठं काढा, असं सांगितलं. 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाने चांगल्या महाविद्यालयांना स्वायत्तता द्या, असं सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने मोडीत काढायची, असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि 2014 साली महाराष्ट्राने काय केलं होतं? जे एक तंत्रविद्यापीठ जन्मापासून या पद्धतीच्या बाहेर होतं, त्याला धरून आत ओढलं.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला दिलं आहे, त्यांचं याबाबतचं मत तरी कुणी वाचलं होतं का? मुंबई विद्यापीठात सुधारणा सुचवण्यासाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. 1924 साली तिच्या प्रश्नावलीला डॉ. आंबेडकरांनी सविस्तर लेखी उत्तरं दिली. विद्यापीठाने परीक्षा घेण्यापुरतं उरू नये, शिकवणं आणि संशोधन यांची ताटातूट करू नये, पदवीचे विद्यार्थी आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांना एकमेकांपासून तोडू नये, हा त्या उत्तरांचा गाभा आहे. हे सांगणारा माणूस कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आलेला होता. शिक्षक आणि विद्यार्थी एका छताखाली काम करतात तेव्हा काय घडतं, हे त्याने अनुभवलेलं होतं. लोणेऱ्यापासून महाड फार दूर नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी जिथलं पाणी ओंजळीत घेतलं ते चवदार तळं तिथे आहे. त्या भूमीत, त्यांच्या नावाने काढलेल्या विद्यापीठाला त्यांनी नाकारलेल्या साच्यात बसवणं हा निव्वळ प्रशासकीय निर्णय नाही. हा त्यांच्या विचाराचा पराभव आहे, आणि तो त्यांच्या नावाने जयजयकार करणाऱ्यांनी घडवून आणला आहे.

संलग्नता म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, हे पालकांना माहीत नसतं. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या, महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समितीवर मी होतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण पद्धत सगळीकडे तीच आहे. महाविद्यालयाच्या दारात रांगोळी, आत शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. सगळं बाजूला ठेवायला सांगून आम्ही मटेरियल टेस्टिंगच्या प्रयोगशाळेत गेलो. लोखंडी सळई ओढून तोडायचं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन भिंतीला लागून उभं होतं. सळई पकडणाऱ्या जबड्यांवर, गंज लागू नये म्हणून कारखान्यातून लावून पाठवतात ते पिवळं ग्रीस तसंच होतं, आणि त्यावर धुळीचा थर बसला होता. त्या जबड्यांत एकही सळई कधी पकडली गेली नव्हती. शेजारच्या टेबलावर नोंदवही होती. दोन सत्रांची सगळी प्रात्यक्षिकं त्यात व्यवस्थित लिहिलेली, एका हाताने, एका पेनाने. त्यातलं एक प्रात्यक्षिक लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झालं होतं. भू-तंत्र शिकवणारे म्हणून ज्यांची ओळख करून दिली, त्या तरुणाला मी मागच्या सत्रात कोणता विषय शिकवला ते विचारलं. त्याने विभागप्रमुखांकडे पाहिलं.

हे सगळं मी अहवालात लिहिलं. त्याच वर्षी त्या महाविद्यालयाला एक वाढीव तुकडी मिळाली.

यात कुणाला आश्चर्य वाटत असेल तर त्याने विद्यापीठाचं अंदाजपत्रक काढून बघावं. संलग्नता शुल्क, पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, पुनर्मूल्यांकन, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र. या पैशावर विद्यापीठ चालत असेल तर ते कोणत्या तोंडाने एखाद्या महाविद्यालयाला नाही म्हणेल? नाही म्हटलं तर उत्पन्न जातं. वर संस्थाचालक कुठल्या ना कुठल्या पक्षाचा पुढारी असतोच. तपासणारा ज्याची तपासणी करतो त्याच्याच पैशावर जगत असेल तर ती तपासणी खोटी असते. मग समितीवर कितीही सज्जन माणसं बसवा.

हे एकट्या महाराष्ट्राचं दुखणं नाही. तमिळनाडूत अण्णा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत एकेका प्राध्यापकाचं नाव एकाच वेळी अनेक महाविद्यालयांच्या यादीत असल्याचं 2024 साली उघड झालं. ते देशातलं नावाजलेलं तंत्रविद्यापीठ आहे. तिथे हे घडतं, तर बाकीच्यांचं काय सांगावं? आणि परीक्षेचा डोलारा पेलला नाही की काय होतं ते मुंबई विद्यापीठाने 2017 साली दाखवून दिलं. घाईघाईने संगणकावर उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडचणीत आले, आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करावं लागलं. एकशे साठ वर्षं जुन्या विद्यापीठाची ही गत झाली. तरीही तेच काम एका लहान, तरुण, खेड्यातल्या तंत्रविद्यापीठाकडे ठेवावं, असं सरकारला वाटलं, यापेक्षा मोठा बेजबाबदारपणा माझ्या डोळ्यांसमोर नाही.

आता लोणेऱ्याच्या आसपास काय घडलं ते आठवा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट नदीत गेली. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसं मेली. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं आणि महाड शहर पुराच्या पाण्यात बुडालं. 19 जुलै 2023 च्या रात्री याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. महाडच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याने सावित्री नासल्याची तक्रार स्थानिक माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. आणि विद्यापीठाच्या दारावरून जाणाऱ्या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, ते दशक उलटलं तरी पुरं झालं नाही. त्याच्या खड्ड्यांत किती जीव गेले ते कोकणी माणसाला विचारा.

पूल, इमारत, दरड, पूर, सांडपाणी, रस्ता. अभियांत्रिकीच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच या जिल्ह्याने रक्ताने लिहून ठेवली आहे. जगातल्या कुठल्याही खऱ्या तंत्रविद्यापीठाला हे काम आपलं वाटलं असतं. सह्याद्रीच्या उतारावर किती पाऊस मुरला की माती सुटते, हे ठरवायचं तर डोंगरात पर्जन्यमापक बसवावे लागतात, जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं गाडावी लागतात, आणि त्यांच्या नोंदी दहा-दहा, वीस-वीस पावसाळे ठेवाव्या लागतात. एका प्राध्यापकाने सुरू केलेलं काम त्याच्या विद्यार्थ्याने पुढे न्यावं लागतं. कोकणातल्या जुन्या पुलांचे पाये दर पावसाळ्यानंतर कुणीतरी पाण्यात उतरून बघावे लागतात. सावित्रीच्या पाण्याचे नमुने दर आठवड्याला घ्यावे लागतात, आणि ते कारखानदाराच्या किंवा सरकारच्या ताटाखालचं मांजर नसलेल्या माणसाने घ्यावे लागतात. ही कामं कायम नेमणूक असलेला शिक्षक करतो. तासिका तत्त्वावर नेमलेला, अकरा महिन्यांच्या करारावर राबणारा, एप्रिलमध्ये करार संपला की जूनमध्ये पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभा राहणारा शिक्षक वीस पावसाळ्यांचं संशोधन कशाच्या जोरावर हाती घेईल? राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची आणि संशोधन का होत नाही म्हणून परिसंवाद भरवायचे, हा खोटेपणा आता थांबला पाहिजे.

हे आपल्याला जमतच नाही, असंही नाही. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, 1933 साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली. 1964 साली केंब्रिजहून परतलेल्या मनमोहन शर्मा यांना तिथे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक केलं गेलं. ते शिकवायचे, संशोधन करायचे आणि कारखान्यांच्या अडचणीही सोडवायचे. पुढे ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. रघुनाथ माशेलकर याच संस्थेतून बाहेर पडले. देशातल्या रसायन उद्योगाच्या उभारणीत या एका संस्थेच्या विद्यार्थ्यांचा वाटा केवढा मोठा आहे, ते त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. हे सगळं एका लहानशा आवारात झालं. यादी वाढवून झालं नाही. माणसं निवडून, त्यांना कायम नेमून आणि निवांत काम करू देऊन झालं.

सरकारलाही हे ठाऊक आहे. 1854 पासून चालत आलेल्या पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेला 2022 साली स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला तो एकाच आवाराचं, स्वतः शिकवणारं विद्यापीठ म्हणून. तिच्या गळ्यात संलग्न महाविद्यालयांचं लोढणं अडकवलं नाही. तो निर्णय योग्यच होता. पण मग पुण्याला एक न्याय आणि लोणेऱ्याला दुसरा का? शहरातल्या नामांकित संस्थेला शिकवण्याचं स्वातंत्र्य, आणि कोकणातल्या खेड्यातल्या, बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाला राज्यभराच्या परीक्षांची हमाली? याचं उत्तर विधिमंडळात एकाही आमदाराने मागितल्याचं मला आठवत नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर ऐकवलं जातं: संलग्न महाविद्यालयांमुळेच गावोगावची मुलं अभियंता झाली, गरिबांच्या दारात शिक्षण पोचलं. हा युक्तिवाद गंभीर आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं तेव्हापासून राज्यात जागा वाढल्या, आणि शेतकऱ्यांची, कामगारांची मुलं त्या जागांवर पोचली, हे खरं आहे. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण गरिबाच्या दारात नेमकं काय पोचलं? पदवी पोचली. शिक्षण पोचलं का? बापाने जमिनीचा तुकडा विकून फी भरली, आणि पोराने चार वर्षं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाजारात मिळणारी तयार उत्तरांची पुस्तकं पाठ केली, दुकानातून विकत आणलेला प्रकल्प स्वतःचा म्हणून दाखवला, आणि ज्या मशीनवर प्रात्यक्षिक केल्याचं वहीत लिहिलं त्या मशीनला हातही लावला नाही. नोकरीच्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत हे उघडं पडतं. श्रीमंताच्या मुलाचं फारसं बिघडत नाही, त्याला दुसरी वाट असते. गरिबाच्या मुलाला ही पदवीच एकमेव वाट होती. त्यामुळे निकृष्ट शिक्षण गरिबाच्या माथी मारून त्याला सामाजिक न्याय म्हणणाऱ्यांनी निदान बाबासाहेबांचं नाव तरी मध्ये आणू नये. त्यांनी पददलितांसाठी उत्तमाचा आग्रह धरला होता.

2024 साली सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं केलं. पण फी माफ करून सरकारी पैसा ज्या महाविद्यालयांकडे जातो, तिथे वर्गात शिकवायला कोण उभं आहे हे विचारण्याची जबाबदारीही सरकारवर येते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आधीच 1:15 वरून 1:20 असं सैल केलं आहे. हे सैल केलेलं प्रमाणसुद्धा किती ठिकाणी खरं आहे आणि किती ठिकाणी कागदावर, हे एकदा अचानक, आगाऊ कळवल्याशिवाय जाऊन तपासा. तपासणीची तारीख कळवून गेलात तर रांगोळीच दिसेल.

माझ्या मागण्या सरळ आहेत. लोणेऱ्याच्या विद्यापीठाने एकाही नव्या महाविद्यालयाला संलग्नता देऊ नये. आज जी महाविद्यालयं जोडलेली आहेत, त्यांतल्या चांगल्यांना स्वायत्तता द्या, कच्च्यांना ठरावीक मुदत द्या, आणि नुसती कागदावर चालणारी बंद करा. परीक्षांचं काम करायला राज्याने वेगळी यंत्रणा उभारावी. त्यासाठी विद्यापीठ बळी देण्याची गरज नाही. लोणेऱ्याच्या आवारातली सगळी शिक्षकपदं कायमस्वरूपी भरा, आणि भरताना वशिला नको, काम बघा. दरडी, पूल, पूर आणि औद्योगिक प्रदूषण यांच्यावर कायमस्वरूपी संशोधन केंद्रं तिथे काढा आणि त्यांचे अहवाल मराठीत, तळीयेच्या माणसाला वाचता येतील असे, जाहीर करा. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल संलग्न महाविद्यालयांच्या संख्येने सुरू होता कामा नये. पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यांनी वर्षभरात काय केलं, हे पहिल्या पानावर छापलं पाहिजे.

आणि पालकांना, विशेषतः ज्यांच्या घरातलं पहिलं पोर अभियांत्रिकीला जाणार आहे त्यांना, हात जोडून सांगतो. प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी त्या महाविद्यालयात स्वतः जा. इमारत बघू नका, फलकावरचे पगाराचे आकडे बघू नका. विभागात कायम नेमणूक असलेले शिक्षक किती, त्यांतले पाच वर्षांहून जास्त काळ टिकलेले किती, हे विचारा. प्रयोगशाळा उघडायला लावा आणि मशीन सुरू करून दाखवायला सांगा. गेल्या वर्षीच्या मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा की तास होतात का. उत्तर मिळालं नाही तर ते महाविद्यालय यादीतून खोडा, मग त्याच्या फलकावर कुठल्याही विद्यापीठाचं आणि कुठल्याही महापुरुषाचं नाव असो. सरकार जे विचारत नाही ते तुम्ही विचारलंत, तरच या राज्यात विद्यापीठं उरतील.